चातक कोणाचा, विहीणबाई?

विहीणबाई, यंदा तुमचा फोन आला नाही.

येणार नव्हताच. चैत्रात तुम्ही गेलात, तुमचा मोबाइल माझ्या शोभाच्या कपाटात बंद पडलेला आहे, हे सगळं मला कळतं. तरी वैशाख उतरायला लागला तशी मी मोबाइल कमरेला खोचूनच अंगण झाडायला लागले. इतक्या वर्षांची सवय. उन्हाळा संपत आला की एके दिवशी सकाळीच तुमचा फोन वाजायचा. ‘हॅलो’ नाही, ‘कशा आहात’ नाही. तुम्ही आपल्या त्या शिक्षिकेच्या आवाजात सांगायचात, “आला गो. सुरूच्या शेंड्यावर बसलाय. दमलाय. पाठवते तुझ्याकडे.” आणि कट. मग मी पुसदजवळच्या आमच्या तांड्यात, बांधावरच्या बाभळीकडे डोळे लावून बसायची. काही दिवसांनी तिकडून ‘पिऊ, पिऊ’ ऐकू आलं की मी फोन लावायची, “आमचा आला.” तुम्ही म्हणायचात, “तुमचा नव्हे. माझा पोचला.”

एवढ्या एका वाक्यावरून आपण किती भांडलो! तुमच्या मुलाला माझी मुलगी दिली, त्यावरूनसुद्धा एवढं भांडण झालं नव्हतं.

नाही, खोटं बोलते. झालं होतं. म्हणजे मी केलं होतं, एकटीनंच. तुम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

त्या वेळची मी आठवली की मला आता हसू आवरत नाही. पन्नाशीची बाई, सरकारी उपकेंद्रातली नर्स, पांढऱ्या साडीला इस्त्री आणि नाकावर राग. लेकीनं पुण्यात स्वतःच नवरा शोधला, तोही समुद्राकाठचा. आम्ही बंजारा, तुम्ही कोकणातले. तेव्हा त्या नर्सबाईनं ठरवलं, की आपला तांडा कुठंच कमी दिसायला नको. पुसदच्या शेजारणीला विचारून तिनं तुमच्या लोकांच्या रीती पाठ केल्या. वरमाईचे पाय धुवायचे असतात, हे शेजारणीनं सांगितलं. झालं! आयुष्यात कोणाचे पाय न धुतलेली ही बाई पितळी परात, तांब्या आणि कोरा टॉवेल घेऊन मांडवात तुमच्यापुढं बसली. आणि तुम्ही पाय मागे घेतलेत. म्हणालात, “अहो, राहू द्या. आमचे पाय समुद्र धुतो रोज.”

सगळे हसले. मी परात उचलली ती तशीच, पाणी सांडत सांडत आत गेले. नायकाला म्हटलं, “आपलं पानी चाललं नाही त्याहिले.” नायक म्हणजे आमचे हे. तांड्याचा नायक ते कधी झाले नाहीत, पण घरात त्यांना दुसरं काही पद मिळालं नाही म्हणून मी त्यांना नायक म्हणते. ते म्हणाले, “पाय धुवाचे वाचले ना? मंग रडते कायले?” पुरुषाला मानपान कळत नाही असं मी त्यांना सुनावलं. तुमच्यावरचा राग मात्र मी जपून ठेवला, जसं कोणी चांगलं लुगडं ठेवतं, मोक्याला काढायला.

मोका आला शोभाच्या पहिल्या बाळंतपणात. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात मी नर्स, अर्ध्या तांड्याची पोरं माझ्या हातची. पण शोभाचं रक्त कमी, डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं, आणि ती तुमच्या घरी खाडीच्या तोंडाशी राहिली. मग मीच निघाले, ऐन उन्हाळ्याच्या शेवटी, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. लाल गाडीत मला सारखं वाटत होतं, की इहीणबाईनं हे मुद्दाम केलं. डॉक्टरलाही तिनंच शिकवलं असेल.

आणि तुमच्या घरी काय पाहावं? तुम्ही रोज उजाडता उजाडता घरातून गायब! पदर खोचायचा, पोटाशी काहीतरी लपवायचं आणि मागच्या दारानं निघायचं. परत यायचं ते पायांना वाळू लावून, कोणाशी न बोलता. शोभाला विचारलं तर ती म्हणे, “याडी, त्या फिरायला जातात.” आमच्यात आईला याडी म्हणतात. मी मनात म्हटलं, फिरायला जाणारी बाई पोटाशी काय नेते?

आता खरं सांगते, आणि तुम्हाला हे शंभरदा सांगितलंय तरी पुन्हा सांगते, कारण तुम्ही प्रत्येक वेळी नव्यानं हसायचात. तांड्यातांड्यात जाऊन अंधश्रद्धेवर भाषणं देणारी ती नर्सबाई, जिनं गावच्या भगताला दवाखान्याच्या पायरीवरून हाकललं होतं, तिच्या डोक्यात काय आलं? करणी. इहीणबाई समुद्रावर जाऊन माझ्या लेकीवर करणी करते!

मग तिनं तुमचा पाठलाग केला. सुरूच्या बनात, एकेका झाडाआड लपत. सुरूचं झाड ते केवढं, आणि ही बाई केवढी! चपलेत वाळू, वाळूत चप्पल. बनाच्या शेवटी ती उलटी टाकलेली मोडकी होडी होती. तिच्याआड तुम्ही बसला होतात. डोळ्यांना काहीतरी लावलेलं आणि ओठ हलताहेत, पुटपुट चाललीये. झालं, खात्रीच पटली. मी कमरेवर हात ठेवून ओरडले, “काय करून राह्यल्या तुमी, इहीणबाई? माह्या लेकीवर काय करून राह्यल्या?”

आणि अख्खा किनारा उडाला. वाळूत इतके पक्षी बसलेत, हे तोवर मला दिसलंच नव्हतं. पांढरे, करडे, छोटे, लांब पायांचे, सगळे एकदम उठले, समुद्रावर एक वळसा घेतला आणि लांब निघून गेले.

तुम्ही वळलात. मला वाटलं आता माफी मागाल. तुम्ही माझं मनगट धरून मला खाली ओढलंत, माझ्या नाकातोंडात वाळू गेली, आणि तुम्ही म्हणालात, “गप बस गो! आधी खाली बस! कधीपासून मोजत होते मी त्यांना!”

विहिणीला विहीण ‘गप बस गो’ म्हणते! लग्नातली परात तिथंच वाळूत बुडाली. इतका मोठा अपमान झाला, की आधीचे सगळे बारीक अपमान मी विसरले. त्यावर काय करायचं ते शेजारणीनं शिकवलं नव्हतं. म्हणून मी खाली बसले.

तुम्ही दुर्बीण दिलीत. तिच्यातून मला पहिल्यांदा दिसल्या त्या माझ्याच पापण्या. मग एक पक्षी दिसला. मी म्हटलं, “टिटवी हाय.” तुम्ही म्हणालात, “टिटवी नाही.” दुसरा दिसला. “हा बगळा.” “बगळा नाही.” “मंग तुमीच सांगा ना बावा!” तेव्हा तुम्ही सांगायला लागलात. हा चिखल्या, हा सुरय. हा कुरव, एव्हाना उत्तरेला जायला हवा होता, पण अजून तरणा आहे, पिल्लं काढायचं वय नाही, म्हणून इथंच रेंगाळलाय. थंडीतले पाहुणे गेलेत, तिकडून समुद्र ओलांडून येणारे अजून यायचेत. उन्हाळ्याचा शेवट म्हणजे जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा एकच फाटा. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलात तुम्ही. वारे आणि दिशा तोंडावर होत्या. मी विचारलं, “अन् तुमी पुटपुटत काय होत्या?” तुम्ही म्हणालात, “आकडे. मनात मोजलं की चुकतं माझं.”

त्याच आठवड्यात नात झाली. आणि बारशाच्या आधीच आपलं ठरून गेलं, की दर उन्हाळ्याच्या शेवटी मी यायचं. लोकांना सांगायचं, नातीला बघायला जाते. नात आता पुण्याला कॉलेजात आहे, मी तरी जातच होते. जमलं तर तिथं, नाही जमलं तर फोनवर.

तुमची एक तऱ्हा मला शेवटपर्यंत नवल वाटली. वाळूवर तुम्ही मला अगं-तुगं करायचात. घराच्या पायरीला पाय लागला, की लगेच, “अहो विहीणबाई, चहा घेता ना?” जावयाला वाटायचं, आपल्या आईचं नि सासूचं किती अदबशीर नातं! मी मात्र तुम्हाला कधी एकेरी बोलले नाही. जिभेवर यायचं, पण मांडवातली ती नर्सबाई आडवी यायची.

आणि तुमचा तो नियम! दोघींनी पाहिलं तरच पाहिलं. एकटीनं पाहिलेलं धरायचं नाही. एका वर्षी समुद्रात वादळ होतं आणि वाऱ्यानं ढकललेला तो मोठा काळा पक्षी किनाऱ्यावर आला, कात्रीसारखं शेपूट, पंख जराही न हलवता तरंगत होता. एका सुरयच्या तोंडातला मासा त्यानं वरच्या वर काढून घेतला. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात, की बांगडी रुतली. ज्याची तुम्ही वर्षानुवर्षं वाट पाहत होतात, तो हाच. तुम्ही विचारलंत, “बघितलास? तूही बघितलास ना?” मी म्हटलं, “पाह्यला ना. असा एक आमच्या तांड्यातबी हाय, दुसऱ्याच्या ताटातलं उचलते.” तुम्ही हसता हसता रडलात. तो धरला गेला.

पण मागच्या वर्षीचा? तुम्ही थर्मासातून चहा ओतत होतात, पाठ माझ्याकडे. आणि खाडीच्या तोंडाशी तो उतरला. पांढरा, पाठीवर काळा, उंच पाय, आणि चोच कशी, तर अडकित्त्यासारखी जाड. त्यानं खेकडा धरला, आपटला, पाय तोडले, गिळला. मी सांगेपर्यंत होडीवरून कुत्रं धावत आलं आणि तो गेला. तुम्ही म्हणालात, “वर्णन बरोब्बर आहे. इकडे क्वचितच येतो तो. पण धरणार नाही.” मी म्हटलं, “मी खोटं बोलते काय?” “खोटं नाही गो. एकटीनं बघितलंस.”

मी चहा घेतला नाही. तशीच बसून राहिले, फुगून. तेव्हा तुम्ही समुद्राकडे बघत सांगितलंत, “हे गेले ना, त्या वर्षी मी त्यांना रोज बघायची. या पायवाटेनं येताना. छत्री, पिशवी, सगळं. एकटीला काय वाटेल ते दिसतं. म्हणून दुसरी हवी.”

मी थंड झालेला चहा प्यायले. पण भांडण मी सोडलेलं नाही हं. तुम्हाला आजही सांगते, मी पाहिला तो. अडकित्त्यासारखी चोच.

आणि मोठं भांडण चातकाचं. लोक म्हणतात, तो पावसाच्या थेंबावर जगतो. तुम्ही म्हणायचात, “कसला थेंब! आमच्या विहिरीच्या पन्हळीत चोच घालून पिताना मी बघितलाय.” आफ्रिकेतून तो समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर येतो, दमून तुमच्या सुरूवर उतरतो, हे तुम्ही मला शिकवलंत. पुढचं तुम्हाला मी शिकवलं. तो आमच्याकडे कशाला येतो? आमच्या सातभाईंच्या घरट्यात अंडी टाकायला. आपण मोकळा, आणि ते बिचारे कलकलाट करत त्याची पिल्लं वाढवतात. मी म्हटलं, “तुमचा चातक अन् तुमी सारखेच. बाळंतपन दुसऱ्याच्या घरी!” तुम्ही म्हणालात, “चुकलीस. इथं बाळंतपण माझ्या घरी झालं. सातभाई मी.”

पण पक्षी कोणाचा? तुमचं म्हणणं, वारा सरळ तुमच्याकडून आमच्याकडे जातो, तर सुरूवरचा तोच बाभळीवर. मी विचारायची, “काहून? त्याच्या गळ्यात घंटी बांधली होती काय तुमी?” तुम्ही विचारायचात, “मग तुझ्या चातकाच्या रेशनकार्डावर पुसद लिहिलंय काय?” मी सांगायची, हा आमच्या बाभळीचा, दरवर्षी इथलाच, तुमच्याकडं फक्त चहापान्याले थांबते. तुम्ही सांगायचात, आमच्याकडून पाठवल्याशिवाय तुमच्याकडे काही पोचत नाही, मीठसुद्धा. तेव्हा मी आमचे पूर्वज काढायची. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून आमचे लमाण समुद्रापर्यंत येत, तुमच्या आगरातलं मीठ उचलून देशभर नेत. “तुमी नाही पाठवलं, आमी नेलं!” तुम्ही म्हणालात, “म्हणजे तुम्ही लोक जुने पाहुणे. ठरलेल्या मोसमात येणारे.” असं कोणी माझ्या जातीबद्दल पहिल्यांदाच बोललं होतं. मी घरी येऊन नायकाला सांगितलं. ते म्हणाले, “पाखरू म्हनलं तुले, अन् तू खूश?”

हो, खूश.

चैत्रात शोभाचा फोन आला, तेव्हा मी आंब्याच्या फोडींना मीठ लावत होते. मीठ तसंच हाताला. तुमच्यापर्यंत पोचायला आम्हाला दीड दिवस लागला. तुम्ही थांबला नव्हतात. मी वाळूवर जाऊन आले. होडी तशीच होती. मी बसले नाही.

दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. आजूबाजूला कावळेच कावळे, पण एक पुढं येईल तर शपथ. भटजी घड्याळ बघतात. बायका कुजबुजायला लागल्या, काहीतरी इच्छा राहिली. मला हसू यायला लागलं, आणि तिथं हसायचं नव्हतं. मनात म्हटलं, आयुष्यभर या बाईनं कावळ्यांना खडे मारले. चिखल्यांची अंडी खातात म्हणून. आता तेच कावळे हिच्या भाताला शिवतील? कशाला? त्यांना काय स्वाभिमान नाही?

जावई हात जोडून म्हणाले, “आई, घर विकणार नाही.” कावळा नाही. शोभा म्हणाली, “तुमची झाडं मी सांभाळीन.” नाही. शेजारच्या काकूंनी कसलासा नवस फेडायचं कबूल केलं. कावळे नुसते मान वाकडी करून बघतात. मग माझ्या तोंडातून निघून गेलं, सगळ्यांपुढं, मोठ्यानं, “इहीणबाई, यंदाचा चातक मी पाहीन. तुमच्या जागेवर बसून. अन् फोनबी मीच करीन.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कावळा तरीही आला नाही. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि उरकलं.

म्हणजे तुम्ही मान्य केलंत की नाही, ते मला कळलेलं नाही. पण मी बोलले होते आणि लोकांनी ऐकलं होतं. तुमच्याच नियमानं, दोघांहून जास्त.

तांड्यात आल्यावर सगळे लागले मागं. शोभा पुण्याहून फोनवर, “याडी, तुझा गुडघा! एवढ्या उन्हात, एकटी! पावसाळ्याआधी आम्ही तसंही घर बंद करणार आहोत.” मी म्हटलं, “किल्ली माझ्याजवळ आहे. मी आल्याशिवाय बंद करायचं नाही.” किल्ली खरंच माझ्याजवळ होती, निघताना मी ती खुंटीवरून काढून पदराला बांधली होती, कोणाला न विचारता. नातीनं फोन करून विचारलं, “आजी, इतकं काय आहे त्या पक्ष्यात?” मी म्हटलं, “पक्ष्यात काही नाही. पाहणाऱ्यात आहे.” असं मोठं वाक्य बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. लगेच म्हटलं, “अन् तुझ्या आजीचं भांडन अर्धं राह्यलं हाय.”

नायकाचं म्हणणं रोखठोक होतं. “चिमन्या पाहाले इतक्या लांब कोनी जाते काय?”

“चिमनी नाही. चातक.”

“तो तं इथंच येते, बाभळीवर. बाज टाकून देतो. बस अन् पाह्य.”

“तिथं कोनी पाह्यला नाही तं इथला धरता येत नाही.”

“कोन धरते? पोलीस?”

मग मी त्यांना नियम समजावला. दोघांनी पाहायला पाहिजे. एक तिकडं, एक इकडं. मी समुद्रावर बसणार, तुम्ही बांधावर बसायचं. ते म्हणाले, “म्हंजे इहीनबाईच्या जागेवर तू, अन् तुह्या जागेवर मी?” मी हो म्हटल्यावर ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. शेवटी विचारलं, “अन् भाकरी?” “सून टाकते. तुमी फक्त वर पाहा.”

पुसदहून ट्रॅव्हल्स, पुढं लाल गाडी. गुडघ्याला पट्टा. तुमच्या घराचं कुलूप उघडलं तर आत तुमचाच वास, खोबरेल आणि बंद पुस्तकांचा. मी तुमच्या पलंगावर झोपले नाही. माझी सतरंजी ओटीवर टाकली. थर्मास धुऊन घेतला. दुर्बीण शोभानं दहाव्यालाच दिली होती. रोज उजाडलं की मी होडीच्या मागं. पहिल्या दिवशी मला वाळूवर टिटवीच दिसली, विहीणबाई. खरीखुरी टिटवी! मी कितीदा म्हटलं होतं!

शेजारच्या काकू रोज विचारायच्या, “आला?” मी मान हलवायची. मग त्याही म्हणाल्या, “अहो, नाही आला तर नाही आला. परत जा. तिकडे म्हातारे वाट बघत असतील.” मी म्हटलं, “ते काही वाट पाहत नाहीत, ते बाभूळ पाहतात.” पण मनातून मी घाबरले होते. नाहीच आला तर? मी सगळ्यांपुढं बोलून बसले होते. आला आणि मी ओळखला नाही तर? तुम्ही शेजारी नाही, ‘टिटवी नाही’ म्हणायला.

त्या सकाळी वारा समुद्राकडून होता, चेहऱ्यावर खारं लागत होतं. लाटांच्या अगदी वरून एक पक्षी येत होता. मला वाटलं सुरय. पण सुरयसारखं ते उडणं नव्हतं, ओझं उचलून आणल्यासारखं होतं. तो वाळू ओलांडून आला आणि सुरूच्या खालच्या फांदीवर असा पडला, की फांदी झुलली. पंख लोंबलेले, चोच उघडी. काळी पाठ, पांढरं पोट, आणि डोक्यावर तो तुरा, वाऱ्यानं उलटा झालेला.

“पाह्य व! आला! पाह्य व!”

मी हे उजवीकडं बघून म्हटलं. तुम्ही नेहमी उजवीकडं बसायचात.

भरती चढत होती. लाट होडीपर्यंत आली, माझ्या पायांवरून गेली, पट्ट्यापर्यंत भिजवून. मी पाय मागं घेतले नाहीत.

फोन लावला तर नायकांनी उचलायला वेळ लावला. मी तुमच्यासारखंच सुरू केलं, “आला. सुरूवर बसला हाय. दमला हाय. पाठवते.” तिकडून आवाज आला, “कोन बोलून राह्यलं?”

चातक थोडा वेळ तिथंच होता. मग उठला आणि बनाच्या वरून, घाटाच्या दिशेला, म्हणजे आमच्याच दिशेला गेला. मी दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लावलं आणि निघाले. किल्ली पदरालाच आहे. जावयाला सांगितलंय, दुसरी करून घ्या, ही माझी.

मी तांड्यात पोचायच्या आधीच नायकांनी त्याला पाहिलं. तेही कसे सांगतात, जसं काही आफ्रिकेतून यांनीच त्याला हात धरून आणलं. पहाटे बाजेवर उठून बसले, बांधावर ‘पिऊ, पिऊ’, सातभाईंनी आरडाओरडा केलेला, आणि बाभळीच्या मधल्या फांदीवर तुरा. आभाळ अजून कोरडंच आहे, कपाशीच्या रानात नुसती धूळ, पण तो आला.

मी म्हटलं, “झालं तं. मी तिथं पाह्यला, तुमी इथं पाह्यला. दोघांनी पाह्यला. यंदाचा धरला.”

नायक म्हणाले, “कायचा धरला? तू पाह्यला तो तुह्या समुद्राचा. मी पाह्यला तो माह्या बाभळीचा.”

विहीणबाई, इतकी वर्षं जे मी तुम्हाला ऐकवत होते, तेच हा माणूस मला ऐकवत होता, शब्द न शब्द तोच. आणि यंदाचा धरायचा असेल, तर पक्षी एकच पाहिजे! दोन पक्षी, दोन एकेकट्या साक्षी, म्हणजे शून्य. तुमच्या नियमानं. तेव्हा मी कमरेवर हात ठेवले आणि तुमचं सगळं काढलं. वारा कुठून कुठं वाहतो, तो सांगितला. दिशा दाखवली. घाट, नदी, सगळा भूगोल अंगणात काठीनं काढला. म्हटलं, “तोच हा. मी पाठवला. आमच्याकडून पाठवल्याशिवाय तुमच्याकडं काही पोचत नाही.”

नायकांनी काठीनं काढलेला नकाशा पाहिला, तंबाखू तोंडात टाकली आणि विचारलं, “काहून? त्याच्या गळ्यात घंटी बांधली होती काय तू?”

तो आता बाभळीवरच बसलाय, हे लिहिते आहे तेव्हा. ओरडतो आहे. नायक बाजेवरून मला बोटानं दाखवतात, “पाह्य, माहा.” उत्तर मला माहीत आहे. रेशनकार्डाचं. ते तुमचं आहे, पण आता तुमच्या जागेवर मी बसते, तेव्हा वापरायला हरकत नसावी. आधी चहा पिते. मग त्यांना सांगते.